हृदयाला नवी वाट देणारा खेड्यातला डॉक्टर

शहरी घरांत बायपास हा शब्द आता परका राहिलेला नाही. नात्यातल्या, शेजारच्या, कचेरीतल्या कोणा ना कोणाच्या छातीवर त्या शस्त्रक्रियेची उभी खूण असते आणि पुष्कळदा पायावरही दुसरी. तीन ब्लॉकेज, चार ग्राफ्ट ही भाषा निवृत्तांच्या कट्ट्यावरही सहज बोलली जाते. परंतु ही शस्त्रक्रिया जगभरच्या रुग्णालयांत रुजवणाऱ्या माणसाचे नाव विचारले, तर बहुतेकांना ते सांगता येणार नाही. अर्जेंटिनातील रेने फावालोरो हे ते नाव. सुताराचा मुलगा, बारा वर्षे आडगावात राबलेला डॉक्टर, अमेरिकेत कीर्तीच्या शिखरावर असताना मायदेशी परतलेला शल्यविशारद आणि अखेरीस आपल्याच देशाच्या व्यवस्थेपुढे एकाकी पडलेला एक सच्चा माणूस, अशी त्यांच्या आयुष्याची विलक्षण वाटचाल आहे.

१२ जुलै १९२३ रोजी ला प्लाता या शहरात रेने यांचा जन्म झाला. आजी-आजोबा इटलीतील सिसिलीकडून पोटापाण्यासाठी आलेले. वडील लाकडी सामान घडवणारे कारागीर, तर आई शिवणकाम करून संसाराला हातभार लावणारी. वस्ती कष्टकऱ्यांची होती. वडिलांच्या कारखान्यात सुटीच्या दिवसांत रेने लाकूड तासायला शिकले. पुढे तीच बोटे दोन-अडीच मिलिमीटर रुंदीच्या रक्तवाहिन्या शिवू लागली, तेव्हा हाताला लागलेले हे वळण त्यांच्या कामी आले असणार. आजीने त्यांना मातीची, झाडांची आणि वाळलेल्या बीतूनही उगवणाऱ्या कोंबाची ओढ लावली. घराण्यात एक काका डॉक्टर होते. त्यांच्याकडे पाहून लहानपणीच रेने यांच्या मनाने वैद्यकाचा ध्यास घेतला.

ला प्लाताच्या राष्ट्रीय विद्यापीठातून १९४९ मध्ये ते डॉक्टर झाले. विद्यार्थिदशेतच त्यांनी तिथल्या मोठ्या रुग्णालयात स्वतःला गाडून घेतले होते, आणि शल्यचिकित्सक म्हणून त्याच शहरात त्यांचे बस्तान बसणार अशी चिन्हे होती. पण रुग्णालयातील एका जागेसाठी अर्ज भरताना त्यांच्यापुढे एक अट आली. सत्ताधारी पेरॉनवादी विचारसरणी आपल्याला मान्य असल्याचे लिहून द्यायचे होते. गुणवत्तेवर मिळणाऱ्या जागेसाठी पक्षनिष्ठेची सही कशासाठी, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी सही केली नाही, आणि जागाही गेली.

हासिंतो आराउसची बारा वर्षे

याच सुमारास ला पाम्पा प्रांतातील हासिंतो आराउस या लहानशा गावातून एका नातेवाइकाचे पत्र आले. गावचा डॉक्टर आजारी आहे, दोन-तीन महिने कोणीतरी सांभाळून घ्यावे, अशी ती विनंती होती. मे १९५० मध्ये फावालोरो तिथे पोहोचले. आजारी डॉक्टर काही महिन्यांतच वारले आणि दोन-तीन महिन्यांचा मुक्काम बारा वर्षांचा झाला. १९५१ मध्ये त्यांनी मारिया अँतोनिया देल्गादो यांच्याशी विवाह केला. धाकटे बंधू हुआन होसे हेही डॉक्टर होऊन त्यांना येऊन मिळाले.

कोरड्या वाऱ्याचा, धुळीचा तो मुलूख. रस्ते कच्चे, माणसे गरीब आणि वैद्यकीय सोय जवळजवळ नाहीच. दोघा भावांनी एक जुने घर हळूहळू दवाखान्यात रूपांतरित केले. शस्त्रक्रियेची खोली उभी केली, क्ष-किरण यंत्र आणले, प्रयोगशाळा मांडली. रक्तपेढी परवडणारी नव्हती, म्हणून गावकऱ्यांचे रक्तगट तपासून त्यांची यादी तयार केली. गरज पडली की त्या गटाच्या माणसाला घरून बोलावून आणायचे, अशी ती चालतीबोलती रक्तपेढी होती. सुईणींना निर्जंतुकीकरणाचे धडे दिले, शिक्षकांना हाताशी धरून आरोग्याची माहिती घरोघर पोहोचवली. बालमृत्यू आणि बाळंतपणातील मृत्यू कमी झाले. रोगाचे मूळ अनेकदा शरीरात नसून दारिद्र्यात, घरात आणि पाण्यात असते, हे या बारा वर्षांनी त्यांना शिकवले. पुढे जगभर मान मिळाल्यावरही त्यांनी स्वतःची ओळख खेड्यातला डॉक्टर अशीच सांगितली, आणि १९८० मध्ये त्या दिवसांच्या आठवणींचे पुस्तकही लिहिले.

मात्र छातीच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेत जगभर काय घडते आहे, याच्या बातम्या वैद्यकीय नियतकालिकांतून त्यांच्यापर्यंत पोहोचत होत्या. आपण मागे पडतो आहोत ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. ला प्लातातील आपले गुरू होसे मारिया मैनेत्ती यांच्या सल्ल्याने त्यांनी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकची वाट धरली. साल होते १९६२, आणि त्यांचे वय होते ३८. इंग्रजी मोडकेतोडके आणि अमेरिकेत व्यवसाय करण्याची परीक्षा अजून द्यायची. ज्या वयात शल्यचिकित्सक नाव कमावून स्थिरावतात, त्या वयात ते पुन्हा उमेदवारी करू लागले.

अडलेल्या प्रवाहाचा प्रश्न

क्लीव्हलँडमध्ये त्यांना दोन माणसे भेटली. छातीच्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डोनाल्ड एफलर आणि हृदयरोगतज्ज्ञ मेसन सोन्स. सोन्स यांनी १९५८ मध्ये करोनरी अँजिओग्राफीचा पाया घातला होता. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत रंगद्रव्य सोडून त्यांचे चलच्चित्र घेण्याची ही पद्धत होती. तोवर हृदयवाहिन्यांतील अडथळा नेमका कुठे आहे हे प्रायः शवविच्छेदनातच कळे; आता तो जिवंत माणसात दिसू लागला. दिवसभर शस्त्रक्रियागृहात काम करून फावालोरो संध्याकाळी सोन्स यांच्याकडे जात आणि फिल्मची रिळांमागून रिळे पाहत बसत. हजारो रुग्णांच्या करोनरी धमन्यांची वळणे, फाटे आणि गाठी त्यांना अशा रीतीने पाठ झाल्या.

त्या पाहणीतून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. अडथळा बहुधा वाहिनीच्या सुरुवातीच्या भागात असतो आणि त्यापुढची वाहिनी पुष्कळदा चांगली असते. म्हणजे अडलेल्या जागेला वळसा घालून पुढे रक्त पोहोचवता आले, तर स्नायू वाचू शकतो. हे आज सोपे वाटते. पण तेव्हा त्यावर प्रस्थापित उपाय वेगळेच होते. मॉन्ट्रियलचे आर्थर व्हाइनबर्ग यांनी छातीच्या आतल्या बाजूने खाली उतरणारी इंटर्नल मॅमरी धमनी सोडवून तिचे टोक थेट हृदयाच्या स्नायूत रोवण्याची पद्धत १९५० पासून माणसांवर वापरली होती. कालांतराने तिच्यातून बारीक फाटे फुटून रक्त मिळते, हे सोन्स यांच्या चित्रणातून १९६२ मध्ये सिद्ध झाले. फावालोरो यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या. मॅमरी धमनी अलगद सोडवता यावी म्हणून छातीचे हाड उचलून धरणारे एक उपकरणही त्यांनी तयार केले. पण फाटे फुटायला वेळ लागे आणि मिळणारे रक्त थोडे असे. दुसरी पद्धत म्हणजे अरुंद धमनी उभी चिरून तिला ठिगळ लावायचे. तिच्यात मृत्यूंचे प्रमाण मोठे होते.

रक्तप्रवाहाचे गणित इथे समजून घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वैद्य प्वाझेय यांनी दाखवून दिले, की नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. इतर सर्व बाबी समान धरल्या, तर नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळावा हिस्सा उरतो. जिवंत धमनी ही ताठ नळी नव्हे, त्यामुळे हा नियम तिला जसाच्या तसा लागू पडत नाही; पण करोनरी धमनीचे अरुंद होणे इतके घातक का ठरते, याचे मर्म त्यात आहे. शिवाय शरीरातील इतर भागांना रक्त मुख्यतः हृदय आकुंचन पावताना मिळते, तर डाव्या जवनिकेच्या स्नायूला ते मुख्यतः हृदय सैल पडते तेव्हा. आकुंचनाच्या वेळी स्नायूच आपल्यातल्या वाहिन्या आवळून धरतो. या नाजूक आणि क्षणाक्षणाला बदलणाऱ्या प्रवाहाला नवी वाट काढून द्यायची होती.

क्लीव्हलँडमध्येच मूत्रपिंडाच्या अरुंद झालेल्या धमनीसाठी पायातील सॅफेनस शिरेचा तुकडा वापरला जात होता. तोच तुकडा हृदयासाठी का वापरू नये, असा विचार फावालोरो यांनी केला. ९ मे १९६७ रोजी त्यांनी ५१ वर्षांच्या एका महिलेवर ही शस्त्रक्रिया केली. तिची उजवी करोनरी धमनी पूर्ण बंद होती. अडलेल्या भागाच्या जागी शिरेचा तुकडा जोडला गेला आणि काही दिवसांनी सोन्स यांनी घेतलेल्या चित्रणात रक्त मोकळेपणाने वाहताना दिसले. पुढच्या टप्प्यात शिरेचे एक टोक महाधमनीला आणि दुसरे अडथळ्याच्या पुढे करोनरी धमनीच्या कुशीला जोडण्याची पद्धत त्यांनी अंगीकारली. हीच आज ओळखीची असलेली बायपास. लवकरच डावीकडच्या धमन्या, एकाहून अधिक वाहिन्या, झडपेच्या शस्त्रक्रियेसोबत बायपास, झटका आलेल्या रुग्णावर तातडीची बायपास, असा तिचा विस्तार झाला. १९६८ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि १९७० मध्ये या विषयावरचा ग्रंथ.

ही कल्पना सर्वस्वी पहिल्यांदा त्यांनाच सुचली असे मात्र नाही, आणि तसा दावा त्यांनी केलाही नाही. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गोएट्झ यांनी १९६० मध्ये मॅमरी धमनी करोनरीला जोडली होती. डेव्हिड सॅबिस्टन यांनी १९६२ मध्ये, तर ह्यूस्टनमध्ये एडवर्ड गॅरेट यांनी १९६४ मध्ये शिरेचा प्रयोग करून पाहिला होता. पण ते प्रयत्न सुटे राहिले. फावालोरो यांनी निश्चित पद्धत आखली, चित्रणाने दर वेळी पडताळा घेतला, निकाल उघडपणे मांडले आणि आलेल्या प्रत्येक शल्यविशारदाला ते शिकवले. बायपासचे जनक ही पदवी त्यांना कधी रुचली नाही. हे अनेकांच्या कष्टांचे फळ आहे, अशीच त्यांची भूमिका राहिली.

शीर की धमनी?

शिरेच्या बायपासने छातीतील कळ थांबली, माणसे कामावर परतली. पण काही वर्षांनी एक नवा पेच उभा राहिला. शीर ही मुळात कमी दाबाच्या रक्तासाठी घडलेली वाहिनी. तिला एकाएकी धमनीच्या दाबाला तोंड द्यावे लागले, की तिचे आतले अस्तर जाड होऊ लागते. ती करोनरीपेक्षा रुंद असल्याने तिच्यात रक्ताचा वेग मंदावतो आणि भिंतीवर होणारे घर्षणही कमी पडते. मंद घर्षणाच्या जागी अस्तर अधिक वाढते. दहा वर्षांत अशा शिरांपैकी जवळपास निम्म्या बंद पडतात किंवा रोगग्रस्त होतात, असे अनुभवाला आले.

उत्तर त्याच मॅमरी धमनीत होते, जी व्हाइनबर्ग यांनी स्नायूत रोवली होती. तत्कालीन लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी फेब्रुवारी १९६४ मध्ये धडधडत्या हृदयावरच ही धमनी थेट करोनरीला जोडली होती. न्यूयॉर्कचे जॉर्ज ग्रीन यांनी १९६८ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने हेच काम पद्धतशीर केले. मॅमरीची रुंदी करोनरीशी मिळतीजुळती, तिचे लवचीक अस्तर सलग आणि रोगाला सहसा दाद न देणारे. प्रवाहाच्या घर्षणाला प्रतिसाद म्हणून तिचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते; त्याने वाहिनी सैल राहते आणि रक्ताच्या गुठळ्यांना अटकाव होतो. मागणी वाढली की ती रुंदावते, कमी झाली की आक्रसते. छातीच्या भिंतीला रक्त पुरवत असताना तिच्यातील प्रवाह मुख्यतः हृदयाच्या आकुंचनाच्या वेळी असतो. हृदयाला जोडल्यावर तोच प्रवाह आपली लय बदलून हृदय सैल पडण्याच्या वेळी वाहू लागतो. जिवंत वाहिनी असल्याची याहून बोलकी साक्ष कोणती?

मात्र या गुणालाच एक दुसरी बाजू आहे. मूळ धमनीतील अडथळा फारसा नसेल, तर जुन्या वाटेने येणारे रक्त नव्या वाटेशी स्पर्धा करते. मॅमरीतून रक्त कमी वाहू लागते आणि काम उरले नाही की ती दोऱ्यासारखी बारीक होते. म्हणून बायपास कोणत्या वाहिनीला करायची याचा निर्णय तितकाच मोलाचा. आज शस्त्रक्रियागृहातच ध्वनिलहरींच्या साह्याने ग्राफ्टमधून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त वाहते हे मोजता येते आणि जोड सदोष असेल तर छाती बंद करण्यापूर्वीच दुरुस्त करता येतो.

१९८६ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकचे फ्लॉइड लूप आणि सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला मॅमरी जोडलेल्यांच्या तुलनेत फक्त शिरा वापरलेल्यांना मृत्यूचा धोका सुमारे १.६ पट होता. तेव्हापासून त्या वाहिनीसाठी डाव्या मॅमरीचा वापर हा सर्वमान्य नियम झाला. दहा वर्षांनंतरही अशा दहांपैकी सुमारे नऊ धमन्या वाहत्या असतात. मनगटाच्या बाजूची रेडियल धमनी पॅरिसमध्ये अलँ कार्पांतिए यांनी १९७०च्या दशकात वापरून सोडून दिली होती, ती १९९०च्या दशकात परतली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित अभ्यासात पाच वर्षांच्या अखेरीस ती शिरेपेक्षा सरस ठरली. भारतात पहिली यशस्वी बायपास १९७५ मध्ये चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी केली, आणि आज आपल्या शहरांत ती रोजची गोष्ट आहे.

परतीची वाट

१९७१ मध्ये फावालोरो यांनी क्लीव्हलँड सोडले. तिथे पैसा होता, मान होता, राहण्याचा आग्रहही होता. पण दक्षिण अमेरिकेत हृदयरोगाच्या उपचाराची, शिक्षणाची आणि संशोधनाची एकत्र सोय असलेली संस्था उभी राहावी, हे त्यांचे स्वप्न होते. ब्युनोस आयर्समधील ग्वेमेस रुग्णालयात त्यांनी काम सुरू केले. १९७५ मध्ये प्रतिष्ठान स्थापन झाले, १९८० मध्ये मूलभूत संशोधनाची प्रयोगशाळा आली आणि १९९२ मध्ये हृदयरोग व हृदयशल्यचिकित्सा संस्थेची स्वतंत्र इमारत उभी राहिली. पुढे विद्यापीठही निघाले. लॅटिन अमेरिकेतील शेकडो तरुण डॉक्टर त्यांच्या हाताखाली तयार झाले. खिशात पैसे नाहीत म्हणून रुग्णाला परत पाठवायचे नाही, हा तिथला दंडक होता.

देशाच्या सार्वजनिक जीवनापासूनही ते अलिप्त राहिले नाहीत. लष्करी राजवट संपल्यावर बेपत्ता नागरिकांचा शोध घेण्यासाठी १९८३ मध्ये नेमलेल्या आयोगाचे ते सदस्य होते. मतभेदांमुळे पुढे त्यांनी ते पद सोडले. स्वातंत्र्यवीर सान मार्तिन यांच्यावर त्यांनी पुस्तके लिहिली. धूम्रपान, गरिबी आणि शिक्षण यांवर ते सतत बोलत राहिले.

पण व्यवस्था त्यांच्या आदर्शाप्रमाणे चालत नव्हती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था ढासळू लागली. ज्या सरकारी विमा योजना आणि कामगार संघटनांचे निधी रुग्ण पाठवत, त्यांनी उपचारांची बिले थकवली. प्रतिष्ठानावरील कर्ज कोट्यवधी डॉलरांवर गेले. त्यातच रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टराला टक्केवारी देण्याची पद्धत तिथे बोकाळली होती. आपल्याकडे जिला कट प्रॅक्टिस म्हणतात, तीच ही. फावालोरो यांनी ती टक्केवारी द्यायला ठाम नकार दिला, आणि त्याची किंमत संस्थेला मोजावी लागली. १९९८ मध्ये पत्नीचे निधन झाले. ज्या हातांनी हजारोंची हृदये सांधली, त्या हातांनी आता मदतीसाठी मंत्रालये, उद्योगपती आणि धनको यांना पत्रे लिहायची वेळ आली. राष्ट्राध्यक्ष फर्नांदो दे ला रुआ यांनाही त्यांनी लिहिले.

२९ जुलै २००० रोजी, वयाच्या ७७व्या वर्षी, फावालोरो यांनी आपल्या घरी स्वतःचे आयुष्य संपवले. मागे ठेवलेल्या पत्रांत त्यांनी आरोग्यव्यवस्थेतील भ्रष्टाचाराविषयीची व्यथा आणि मदतीसाठी दारोदार फिरावे लागल्याचा शीण मांडला होता. सारा देश हादरला. एखाद्याच्या अशा अंताला एकच कारण असते असे मानणे धाडसाचे ठरेल, आणि त्या निर्णयाला थोरवी देणे तर चुकीचेच. थकलेल्या माणसाला वेळीच आधाराचा हात मिळणे हाच त्यावरचा उपाय असतो. परंतु ते ज्यासाठी झगडत होते ते प्रश्न खरे होते, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता आले नाही. त्यांची रक्षा हासिंतो आराउसच्या परिसरात, जिथे त्यांनी उमेदीची बारा वर्षे घालवली होती, तिथे विखुरण्यात आली.

त्यांची संस्था त्या संकटातून तरली. तिथे आजही शस्त्रक्रिया होतात, विद्यार्थी शिकतात. जगातील हजारो शस्त्रक्रियागृहांत रोज कुठली ना कुठली वाहिनी अडथळ्याला वळसा घालून रक्त पुढे नेते, त्यात फावालोरो यांचा वाटा आहेच. शिरेची जागा पुष्कळ ठिकाणी धमनीने घेतली, उपकरणे बदलली, अँजिओप्लास्टीने बायपासची गरजही काही अंशी कमी केली. विज्ञानाचा तो स्वभावच आहे. मात्र फावालोरो यांनी उभा केलेला दुसरा प्रश्न अजून सुटलेला नाही. उत्तम उपचार शोधून काढणे हे निम्मेच काम; पैसा, ओळख वा टक्केवारी यांच्याविना ते सामान्य माणसापर्यंत वाहत राहावेत, अशी व्यवस्था घडवणे हे उरलेले निम्मे. त्या वाटेवरचे अडथळे त्यांच्या देशात होते, तसे आपल्याही शहरांत आहेत, आणि त्यांना वळसा घालून चालणार नाही. ते दूरच करावे लागतील.